दिवाळीनंतरचे धडे

जूनच्या पहिल्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला मी काहीही शिकवत नाही. मागच्या इयत्तांचे काय शिल्लक आहे तेवढे तपासतो. विस्मरणाचाही एक आलेख असतो. अलीकडचे बरेचसे आठवते, जुने थोडे आठवते, आणि जे मुळात समजलेच नव्हते ते शब्दशः पाठ असते. सतरा वर्षांच्या नोकरीत या आलेखाने मला फारसे चकवलेले नाही. म्हणून दीपिकाची उत्तरे त्यात बसेनात, तेव्हा मी आधी माझ्या प्रश्नांवर संशय घेतला.

आमची खडकटाकळी परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यापासून नऊ किलोमीटरवर. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. मी गणित आणि विज्ञान शिकवतो आणि मुख्याध्यापकाचे पद रिक्त असल्यामुळे ते कामही पाहतो. त्या वर्षी आठवीत बावीस मुले होती. दीपिका ही सटवाजी आणि भागुबाई या मेंढपाळ जोडप्याची मुलगी. सातवीच्या विज्ञानावर मी तोंडी चाळीस प्रश्न विचारले. त्यांपैकी पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्या भागातले वीस होते. तिची एकोणीस उत्तरे बरोबर आली. पानांचे प्रकार, हवेचे गुणधर्म, अन्न टिकवण्याच्या पद्धती, सारे तिने न अडखळता सांगितले. दुसऱ्या अर्ध्या भागातल्या विसांपैकी तिला फक्त एका प्रश्नाचे उत्तर देता आले. तो पचनसंस्थेचा होता, आणि तिच्या उत्तरात माणूस रवंथ करत होता. मी अर्धा गुण दिला.

सहावीच्या प्रश्नांवरही हाच निकाल आला. एखाद्या मुलाला विषय येत नाही हे समजू शकते. पण पुस्तकाच्या मध्यावर रेघ मारल्यासारखे ज्ञान थांबते, हे निसर्गात सहसा घडत नाही. मी कपाटातून जुनी हजेरीपत्रके काढली. पहिलीपासून प्रत्येक वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा होता. सुट्टी संपायच्या सुमारास इथला चारा संपतो. कळप गोदाकाठाकडे उतरतो, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी चार-चार दिवस मेंढरे बसवत पुढे सरकतो आणि जूनमध्ये परत येतो. अपवाद फक्त कोरोनाच्या काळाचा. तेव्हा ती वर्गात नव्हती, पण वर्गही नव्हता. शासनाच्या दप्तरी तिची सात वर्षे झाली होती. बेरीज केली तर ती साडेतीनच्या आत भरत होती, आणि ती सगळी जून ते ऑक्टोबर या काळातली होती.

यातून एक विचित्र गोष्ट निघत होती. प्रकाश, ध्वनी, चुंबक आणि तारे हे विषय जवळजवळ प्रत्येक इयत्तेत पुस्तकाच्या शेवटी येतात. वर्षातले सहा महिने उघड्यावर झोपणाऱ्या या मुलीने शालेय अर्थाने अजून प्रकाश पाहिलेलाच नव्हता.

इतकी वर्षे याने कुणाचे काही बिघडले नव्हते, कारण आठवीपर्यंत सगळे वरच्या वर्गात जात. आता नियम बदलला होता. आठवीची वार्षिक परीक्षा खरी परीक्षा झाली होती. प्रश्नपत्रिका बाहेरून येणार होती, ती दुसऱ्या सत्राच्या पाठांवर असणार होती, आणि नापास होणे शक्य झाले होते. पुनर्परीक्षेची सोय होती, पण तिचे पाठही तेच.

भागुबाई दुसऱ्या आठवड्यात शाळेत आल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मिळते ते हमीपत्र त्यांना दरवर्षीप्रमाणे हवे होते. ते दाखवून मूल वाटेतल्या कोणत्याही शाळेत बसू शकते. कळप एका गावात चार दिवस थांबत असल्यामुळे ते आजवर कुणाला दाखवण्याची वेळ आली नव्हती. पत्र घेऊन त्या उठल्या नाहीत. घरात काय ठरले आहे ते त्यांनी सरळ सांगितले. पोरगी पास झाली तर चारठाण्याला आपली बहीण चतुराबाई हिच्याकडे राहून ती नववी शिकेल. याला सटवाजी कबूल झाला होता. नापास झाली तर तिने कळपामागे जायचे.

“एकाच वर्गात दोनदा बसायला पोरगी काय गाळात रुतलेली गाडी हाय का, म्हणायलाय तिचा बाप,” त्या म्हणाल्या. “पास झाली तर मातर त्यो शब्दाला जागंल. आता व्हईल का न्हाई ते तुमालाच ठावं, सर. धडे तुमचे हायेत.”

धडे माझे नव्हते, हे मी त्यांना समजावून सांगणार होतो. ते राज्याचे होते, पुस्तकाचे होते, अभ्यासक्रमाचे होते. पण हमीपत्र पिशवीत घालून त्या तोवर फाटकापाशी पोचल्या होत्या.

दुपारी मी ही हकीकत शीला मॅडमना सांगितली. त्या मूळच्या मानवतच्या. भाषा आणि इतिहास-भूगोल शिकवतात आणि जिंतूरहून स्कूटीने ये-जा करतात. माझे सगळे आकडे त्यांनी डबा खाता खाता ऐकून घेतले आणि विचारले, “मग दिवाळीनंतरचं दिवाळीआधी शिकवा की. धरलंय का कुणी?”

मी सांगितले की विषयाला एक क्रम असतो.

“कुणी लावलेला?”

अभ्यासक्रमाने, असे मी उत्तर दिले, आणि ते देताना माझ्या लक्षात आले की अभ्यासक्रम मी कधी पाहिलेला नाही. आमच्या व्यवसायात हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. अभ्यासक्रम संपला का, अभ्यासक्रम मागे पडला, अभ्यासक्रमाच्या बाहेरचे विचारू नका. दर वेळी आमच्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तक असते आणि त्यात खुणेसाठी घातलेली काडी किती पानांवर पोचली आहे ते असते. शीला मॅडमनीही तो दस्तऐवज पाहिलेला नव्हता, पण शाळेत तो असल्याचे त्यांनी ऐकले होते. शोध घेतला तेव्हा तो खेळांच्या साहित्याच्या कपाटात, फाटक्या व्हॉलीबॉलच्या जाळ्याखाली सापडला. त्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन कुणी फोडलेले नव्हते.

मी तो दोन संध्याकाळी बसून पूर्ण वाचला. आठवीच्या अखेरीस मुलाला काय काय करता आले पाहिजे ते त्यात बऱ्यापैकी नेमकेपणाने लिहिले होते. त्यात जून नव्हता, नोव्हेंबर नव्हता आणि दिवाळी तर कुठेच नव्हती. कोणता पाठ आधी शिकवावा याबद्दल एकही आज्ञार्थी वाक्य मला आढळले नाही.

मग महिने आले कुठून? ते वार्षिक नियोजनातून आले होते. हा तक्ता प्रत्येक शिक्षक जूनमध्ये भरतो आणि केंद्रप्रमुख त्यावर सही करतात. शाळेच्या फाईलमध्ये गेल्या बारा वर्षांचे तक्ते होते. प्रत्येक तक्ता आदल्या वर्षीच्या तक्त्यावरून उतरवलेला होता. याचा पुरावा असा की, माझ्या आधीच्या गुरुजींनी एका वर्षी गणपतीसाठी तीन दिवस मोकळे ठेवले होते, ते पुढची नऊ वर्षे त्याच तारखांना मोकळे राहिले. गणपती आपापल्या तिथीने येऊन गेले. त्या नऊपैकी सात तक्ते माझ्या अक्षरात होते.

नवीन जावयाची खोड काढावी तशा उत्साहाने शीला मॅडमनी ते सातही तक्ते टेबलावर ओळीने मांडले. मी विषय बदलला.

एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी विज्ञानाचे एकोणीस पाठ वर्तुळात लिहिले आणि ज्या पाठाला आधीच्या पाठाची खरोखर गरज आहे त्याच्याकडे बाण काढला. दोन दिवसांत एकूण सहा बाण निघाले. रासायनिक बंध शिकवायचा तर अणूचे अंतरंग आधी लागते, हे निर्विवाद; पण तेवढा भाग त्या पाठाच्या तोंडी दोन तासांत सांगता येत होता. बाकीचे बहुतेक पाठ एकमेकांना ओळखतही नव्हते. गणिताचे जाळे अधिक गुंतागुंतीचे निघाले, पण तीन प्रकरणे मागून पुढे आणली की तेही सुटत होते. भाषेचे काय, असे मी शीला मॅडमना विचारले. कविता कुणाच्या ओळखीवर वर्गात येत नाही, असे त्यांनी सांगितले आणि आपला तक्ता तिथेच उलटा भरून टाकला.

मला मात्र दोन दिवस अधिक लागले. सतरा वर्षे मी जूनमध्ये सूक्ष्मजीवांपासून सुरुवात करत आलो होतो, कारण ते पहिल्या पानावर होते. नवीन शिक्षकांच्या प्रशिक्षणात या क्रमामागचा शैक्षणिक विचार मी दोनदा सविस्तर समजावून सांगितला होता, आणि तो समजल्याबद्दल दोनदा टाळ्याही घेतल्या होत्या.

चारठाण्याच्या शिक्षण परिषदेत मी दहाव्या पाठापासून सुरू होणारा आणि नवव्या पाठावर संपणारा तक्ता सादर केला. आमचे केंद्रप्रमुख किशनराव यांच्यापुढे चौदा शाळांचे तक्ते होते. गणवेशाच्या मापांबद्दल कुणाशी तरी फोनवर बोलत त्यांनी चौदाही तक्त्यांवर सह्या केल्या. माझा तक्ता वरून नववा होता.

अशा रीतीने खडकटाकळीत वर्षाची सुरुवात मध्यापासून झाली. मुलांनी एकदाच विचारले की पहिले नऊ धडे गाळले का. दिवाळीनंतर आहेत, असे मी सांगितले, आणि त्यांचे समाधान झाले. मुलांना क्रमाबद्दल फारसा आदर नसतो. तो नोकरी लागल्यावर येतो.

अडचण आली ती अनपेक्षित ठिकाणी. ऑगस्टमध्ये प्रकाशाचे परावर्तन शिकवायला मी आरसे घेऊन मुलांना मैदानात नेले आणि तेरा दिवस सूर्य निघाला नाही. क्रमामागे निदान एका पाठापुरते कारण होते, आणि ते कुणी लिहून ठेवलेले नव्हते. शेवटी वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली आणि मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची झिरी बसवून काम भागवले. दीपिका कोन मोजण्यात सर्वांत हळू होती. तिचे कोन मात्र बरोबर येत, कारण कोनमापक सरळ बसल्याची खात्री झाल्याशिवाय ती आकडा वाचतच नसे.

याच अंधारात किशनराव शाळाभेटीला आले. किशनराव मनाने चांगले गृहस्थ. चौदा शाळा, एक मोटारसायकल आणि सतत वाजणारा फोन यांच्यामध्ये त्यांचे आयुष्य विभागलेले आहे. त्यांनी पोते बाजूला सारले, फळ्यावर ‘पाठ सोळावा’ हे शब्द वाचले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि माझ्याकडे नवीन नजरेने पाहिले. एका मुलाला त्यांनी आपतन कोन विचारला, त्याने सांगितला. मी तक्त्याविषयी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात फोन वाजला आणि ते गेले.

संध्याकाळी केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर किशनरावांचा संदेश आला. खडकटाकळी शाळेने ऑगस्टमध्येच सोळावा पाठ गाठल्याबद्दल अभिनंदन. इतर शाळांनी बोध घ्यावा आणि आपण कितव्या पाठावर आहोत ते शनिवारपर्यंत कळवावे.

मी ताबडतोब फोन केला आणि आम्ही दहाव्या पाठापासून सुरुवात केल्याचे सांगितले. ते हसून म्हणाले की एवढी नम्रता बरी नव्हे. मी लेखी खुलासा पाठवला. तो फाईलला लागला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातले महारुद्र गुरुजी यांचा फोन आला. ते माझ्याच विषयाचे शिक्षक.

“सर, आमी तिसऱ्या धड्यावर हावोत,” ते शांतपणे म्हणाले. “शनिवारपर्यंत आठव्यावर या म्हणायलेत. पोरांला पाचव्यातनं पळवत न्यायलोय. तुमचं नाव घेऊनच पळवायलोय.”

मी त्यांना वस्तुस्थिती सांगितली.  मग त्यांनी विचारले की असे चालते का. चालत नाही असे कुठे लिहिलेले मला सापडले नाही, एवढेच मी सांगू शकलो.

ऑक्टोबरच्या अखेरीस एकोणिसावा पाठ संपला. ताऱ्यांच्या जीवनयात्रेचा पाठ सुरू असताना दीपिकाने एकच शंका विचारली. तारे जन्मतात आणि मरतात हे कुणी पाहिले, कारण आपण तर सात वर्षे तेच तारे पाहतो आहोत आणि एकही कमी झालेला नाही. इतका चांगला प्रश्न त्या पाठावर मला आजवर कुणी विचारला नव्हता. सत्राच्या चाचणीत तिला विज्ञानात विसांपैकी चौदा आणि गणितात अकरा गुण पडले. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी कळप निघाला. सुट्टी संपल्यावर हजेरीपत्रकात मी ‘स्थलांतरित’ लिहिले आणि वर्गात पहिला पाठ सुरू केला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किशनराव पुन्हा आले. या खेपेला खिडक्या उघड्या होत्या आणि फळ्यावरचे अक्षर स्वच्छ दिसत होते.

“पाठ पहिला?” ते म्हणाले. “सोळाव्यावरून पहिल्यावर?”

कार्यालयात बसवून मी त्यांना हजेरीपत्रके दाखवली, कॅलेंडरच्या पाठीवरचे सहा बाण दाखवले आणि अखेरीस त्यांच्या सहीचा तक्ता पुढे ठेवला. तक्ता त्यांनी सावकाश वाचला, बहुधा पहिल्यांदाच.

“ही सही माझीच हाय.”

“हो.”

“वाचून केलेली न्हाई.”

“तेही दिसतं.”

त्यांना राग आला असावा, पण त्यांनी तो बाजूला ठेवला आणि थेट वर्मावर बोट ठेवले. परीक्षा एप्रिलमध्ये. ती दुसऱ्या सत्राच्या पाठांवर. ते पाठ माझ्या मुलांनी दिवाळीआधीच उरकलेले. “एक पोरगी पास व्हावी म्हणून एकवीस पोरं डावावर लावलीत तुमी, सर. एप्रिलपर्यंत काय ऱ्हातंय त्यांच्या डोक्यात? तुमीच सांगता न्हवं, इसरायचा आलेख का काय ते?”

आक्षेप अचूक होता. मी बाणांचा विचार केला होता, महिन्यांचा केला नव्हता. आणि विस्मरणाचा आलेख तर शिक्षकांच्या प्रशिक्षणात मीच फळ्यावर काढून दाखवत असे. मी तसे कबूल केले. त्यांनी लगेच आदेश दिला. उद्यापासून दहावा पाठ, नेहमीच्या क्रमाने, जसे सगळीकडे चालते तसे.

“मग ही मुलं दुसरं सत्र दोनदा शिकतील आणि पहिलं एकदाही नाही,” मी म्हणालो. “वर्गात एकवीस दीपिका तयार होतील. तिचं सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. यांचंही येणार नाही.”

किशनरावांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत ते त्या कॅलेंडरवरचे बाण बोटाने मोजत होते. दोन वेळा मोजले, दोन्ही वेळा सहाच भरले. मग त्यांनी विचारले की पाठांचा क्रम बंधनकारक असल्याचे नेमके कुठे लिहिले आहे. मी वेष्टन काढलेला दस्तऐवज पुढे केला. हे कुठून मिळवले, असे त्यांनी विचारले. आपल्याच केंद्रातून वाटप झाले होते, असे मी सांगितले.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी मार्ग काढला. पहिले नऊ पाठ जानेवारीअखेर संपवायचे, आणि फेब्रुवारी-मार्च पूर्ण उजळणी. शेरेबहीत त्यांनी ‘उजळणीचे नियोजन समाधानकारक’ असे लिहिले. मोटारसायकलला किक मारण्याआधी ते म्हणाले, “एक बी नापास झाला, तर ही सही मी ओळखणार न्हाई.”

फेब्रुवारीत मी एकवीस मुलांची चाचणी घेतली. ऑक्टोबरमध्ये विसांपैकी सरासरी तेरा होती. आता ती सातवर आली होती. किशनराव बरोबर होते. पण दुसऱ्यांदा शिकवायला पहिल्या वेळेच्या एक चतुर्थांश वेळ पुरला, आणि मार्चच्या मध्यापर्यंत सरासरी चौदावर गेली. या आकड्यांनी समाधान वाटायला हवे होते. ते वाटले नाही, कारण विस्मरणाचा नियम वर्गात बसलेल्यांनाच लागू होतो असे नाही. दीपिका नोव्हेंबरपासून गोदाकाठाला होती आणि तिची उजळणी घ्यायला तिथे कुणी नव्हते.

हे माझ्याआधी शीला मॅडमच्या लक्षात आले होते. डिसेंबरपासून त्या दर रविवारी सटवाजीच्या मोबाइलवर फोन करत आणि दीपिकाला पाच प्रश्न विचारत, हे मला फेब्रुवारीत कळले. मोबाइल ज्या शेतकऱ्याच्या घरी चार्जिंगला लावला असेल त्या घरची माणसेही ऐकत बसत. सोनपेठकडच्या एका आजोबांना उष्णतेचे मापन चांगले समजले आहे, असे त्यांनी सांगितले. मला का सांगितले नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या की तुम्ही आधी आलेख काढला असता आणि मग फोन केला असता.

पुढच्या रविवारपासून विज्ञान-गणिताचे प्रश्न मी विचारू लागलो. दीपिकाला बरेच आठवत होते, काही पुसले होते, आणि एक गोष्ट नवी होती. प्रतिध्वनी ऐकू यायला समोरचा अडथळा किमान सतरा मीटर दूर लागतो, हे मी ऑगस्टमध्ये बोलण्याच्या ओघात सांगून गेलो होतो. तो मुद्दा पुस्तकात पुढच्या इयत्तेत येतो. तिने तो एका बंधाऱ्याच्या भिंतीसमोर तपासून पाहिला होता.

“पंधरा पावलांवरून आवाज दिला तर न्हाई आला, सर,” ती म्हणाली. “तीस पावलांवरून आला. मधलं बघायच्या आत मेंढरं पुढं गेली.”

तिचे पाऊल साधारण सत्तावन्न सेंटिमीटरचे धरले तर तीस पावले म्हणजे सतरा मीटर. हा योगायोग असू शकतो, हे मला माहीत आहे. तरी मी ते वहीत तारखेसह लिहून ठेवले.

परीक्षेच्या दोन दिवस आधी भागुबाई तिला घेऊन आल्या. कळप तेव्हा मानवतच्या पुढे होता; तिथून एसटीने परभणी, परभणीहून जिंतूर, आणि पुढे जीपने. त्या दोन दिवसांत शीला मॅडमनी तिला काहीही शिकवू दिले नाही. झोपू द्या म्हणाल्या. परीक्षेच्या काळात मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभा होतो आणि नियमाप्रमाणे कुणाच्या उत्तरपत्रिकेत डोकावलो नाही. गणिताच्या पेपराला ती शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होती. हे चांगले लक्षण आहे की वाईट, याबद्दल माझ्याकडे विश्वासार्ह माहिती नाही.

बावीसही मुले पास झाली. दीपिकाला विज्ञानात पन्नासपैकी तेहतीस गुण मिळाले. गणितात अठरा मिळाले, आणि अठराच लागत होते. यावरून काय सिद्ध होते, असे मला नंतर अनेकांनी विचारले. फारसे काही नाही. बावीस मुले हा लहान गट आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ज्या मुलीसाठी हे केले तिला दर रविवारी फोनही जात होता. त्यामुळे श्रेय क्रमाला द्यावे की फोनला, हे वेगळे करता येत नाही. क्रम बदलल्याने नुकसान झाल्याचा पुरावा मिळाला नाही, एवढेच विधान मी करू शकतो. शीला मॅडमच्या मते श्रेय फोनचे आहे.

भागुबाईंना गुणपत्रकातले आकडे नको होते. पास हाय ना, एवढे त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि तिथूनच सटवाजीला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मात्र त्याच दिवशी मागून घेतला, चारठाण्याच्या शाळेत द्यायला.

जूनमध्ये किशनरावांनी गटावर सूचना टाकली की पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही शाळेने पाठांचा क्रम बदलू नये. पाच मिनिटांनी त्यांचा मला एकट्याला संदेश आला. त्या कॅलेंडरचा फोटो पाठवा, केंद्रात स्थलांतरित मुले असलेल्या आणखी चार शाळा आहेत, परवानगीचे अर्ज महारुद्र गुरुजींसह सगळ्यांचे आजच येऊ द्या. अर्ज वाचून सही करतो, असेही त्यांनी लिहिले होते.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी संध्याकाळी चारठाण्याहून, मावशीच्या फोनवरून, दीपिकाचा फोन आला. शाळा आजच उघडली होती. तब्येत विचारून झाल्यावर ती मुद्द्यावर आली.

“सर, इथं आज नवा धडा सुरू झाला. मला वाटायचं दिवाळीनंतरचे धडे लय अवघड असतेत, म्हणून मागं ठिवलेत. तसं काईच न्हाई. मग मागं का ठिवलेत?”

मी तिला सांगितले की शोध चालू आहे. प्रकाशाचा पाठ सोडला तर अद्याप कारण सापडलेले नाही.